शत्रूचा वाटा

दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे पणतीभोवती हिरवे तुडतुडे जमतात. भाताची खाचरे पिवळी पडू लागली, की खालच्या शेतांतून ते उठतात आणि गावातल्या उजेडाकडे येतात. अंगणात रांगोळी चाललेली असते, मुले फुलबाज्या लावीत असतात, आणि हे राईएवढे जीव पणतीच्या तेलात, फराळाच्या ताटात, प्रसंगी बोलणाऱ्याच्या तोंडातही पडत असतात. मुंबईचा पाहुणा वैतागतो. गावचा माणूस ताटावरून एक हात फिरवतो आणि चकली उचलतो. त्याला ठाऊक असते, की ही मंडळी भातावरून जेवून आली आहेत; आपली पंगत त्यांच्यानंतरची.

सणाच्या अंकात किडीचा विषय काढला म्हणून वाचकांनी राग मानू नये. शेतकऱ्याच्या घरची करंजी किडीने खाऊन उरलेल्या पिकाच्या पैशातूनच तळली जाते. तेव्हा किडीचा हिशेब हा आमच्या दिवाळीच्या खर्चाचाच हिशेब आहे.

दिवाळीने आपल्याला दोन शत्रू दिले आहेत. एक नरकासुर आणि दुसरा बळी. पहिल्याला आपण पहाटेच्या अंघोळीच्या वेळी कारिटाच्या रूपाने टाचेखाली चिरडतो. दुसऱ्याला देवाने पाताळात धाडले खरे, पण तिथले राज्य त्याला दिले, आणि वर्षातला एक दिवस त्याच्या नावाने राखून ठेवला. (शेतकऱ्याला बळी कधी शत्रू वाटलाच नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या बाया ओवाळताना त्याचेच राज्य मागतात. पण देवांच्या बाजूने पाहिले, तर तो शत्रूच.) या दोन निकालांतला फरक मला लहानपणापासून कोड्यात टाकीत आला आहे. एका शत्रूचा समूळ नाश करायचा आणि दुसऱ्याला जगण्यापुरती जागा ठेवायची, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? असला प्रश्न कीर्तनकाराने सोडवावा. पण मला तो पुढे एकदा कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर छापलेला दिसला, आणि तेव्हापासून तो माझी पाठ सोडीत नाही.

कापूस आमच्याकडे पिकत नाही. कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे निघालेल्या रस्त्यावर, ओतूरच्या अलीकडे आमचे डिंगोरे. पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी भात, पूर्वेकडे पाटाच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात आमच्या निम्म्या गावाचे नशीब रोज सकाळी ठरते. मी इथे मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. शास्त्राचे जे काही पुढे सांगणार आहे, ते वाचून, विचारून आणि शेताच्या बांधावर बसून मिळवलेले आहे.

बांधावर बसून पहिली गोष्ट ध्यानात येते, ती ही, की शेत म्हणजे शेतकरी आणि कीड यांच्यातली दोघांचीच कुस्ती नव्हे. टोमॅटोच्या वाफ्यात तासभर नीट पाहावे. मावा झाडाच्या शेंड्याचा रस शोषीत बसलेला असतो. त्याच्यामागे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा असतो, आणि तो शांतपणे, घाई न करता, एकामागून एक मावा खात असतो. क्रायसोपाची अळी दिसायला कचऱ्याच्या कणासारखी, पण भूक वाघाची. कोळी दोन पानांमध्ये जाळे बांधून बसलेला. ट्रायकोग्रामा नावाची माशी तर इतकी बारीक, की ती डोळ्यांना दिसत नाही, तिचे काम तेवढे दिसते. ती फळ पोखरणाऱ्या अळीच्या अंड्यातच आपले अंडे घालते, आणि अळीऐवजी त्या अंड्यातून दुसरी ट्रायकोग्रामाच बाहेर पडते. वर विजेच्या तारेवर कोतवाल. गावाने पगार न देता नेमलेला हा एकमेव कोतवाल, आणि खऱ्या कोतवालापेक्षा जागरूक.

या सगळ्यांना कोणी कामाला लावलेले नाही. ते आपल्यासाठी काही करीत नाहीत. ते आपापले जेवण शोधीत असतात. आपण त्यांना मित्रकीटक म्हणतो, हा आपला मतलबीपणा. ढालकिड्याला माझ्या टोमॅटोशी काही देणेघेणे नाही. त्याला मावा हवा. आणि यातून एक अडचणीची गोष्ट निघते: ज्या शेतात मावा मुळीच नाही, त्या शेतात ढालकिडाही राहणार नाही. मित्र हवा असेल तर थोडा शत्रू ठेवावा लागतो. हे वाक्य ऐकायला सुभाषितासारखे गोड आहे, पण ज्याने टोमॅटोसाठी सोसायटीचे कर्ज काढले आहे, त्याच्यासमोर ते उच्चारून पाहावे.

कर्ज काढलेला माणूस थांबत नाही. तो पंप पाठीला लावतो. दोष त्याचा मी मानीत नाही. २०१४ साली पुणे, नाशिक, नगर या भागांत टोमॅटोवर दक्षिण अमेरिकेतली पाने पोखरणारी एक अळी पहिल्यांदा दिसली. इथल्या कुठल्याही ढालकिड्याची किंवा माशीची तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख नव्हती. अशा वेळी शेतकऱ्याने काय करावे? परंतु फवारणीचा स्वभाव असा आहे, की ती आधी मित्राला मारते. कीड खोडात, फळात, पानाच्या पोटात लपलेली असते. तिला शोधणारा शिकारी मात्र उघड्यावर फिरत असतो. शिवाय झाडे स्वतःच्या रक्षणासाठी जी नाना प्रकारची विषे करतात, ती पचवण्याचा लाखो वर्षांचा सराव पाने खाणाऱ्या किड्याला आहे. किडा खाणाऱ्याला तो नाही. म्हणून पहिल्या फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी कीड परत येते, आणि या वेळी तिला अडवायला कोणी नसते. मग दुसरी फवारणी. मग तिसरी.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत हेच कापसाच्या मुलखात फार मोठ्या प्रमाणावर चालले होते. देशाच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी कापसाची जमीन शंभरात पाचेक एकर. पण कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास एकटा कापूस पिऊन टाकीत होता. आणि तरीही हिरवी बोंडअळी, जिला आम्ही हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून ओळखतो आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी म्हणून शिव्या देतो, ती मरेनाशी झाली होती.

अशा वेळी ते बियाणे आले. त्याची हकीकत एखाद्या कादंबरीला शोभेल अशी आहे. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाने रेशीमकिड्यांच्या एका रोगात एक जिवाणू पाहिला. १९११ साली जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना तो पिठात पडणाऱ्या पतंगाच्या अळीत सापडला, आणि त्या प्रांताचे नाव त्याला कायमचे चिकटले: बॅसिलस थुरिंजिएन्सिस. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचे झाले ‘बीटी’. हा जिवाणू एक स्फटिक तयार करतो. माणसाच्या किंवा गाईच्या पोटात गेला तर तो इतर अन्नासारखा पचून जातो. अळीचे आतडे मात्र अल्कधर्मी. तिथे तो विरघळतो, आतड्याच्या भिंतीला चिकटतो आणि तिला भोके पाडतो. अळी खाणे सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. शास्त्रज्ञांनी हा स्फटिक तयार करणारे जनुक त्या जिवाणूतून काढून कापसाच्या झाडात बसवले. जनुक अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचे, आणि बियाणे जालन्याच्या महिको कंपनीचे, जी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली काढलेली. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने त्याला परवानगी दिली.

नीतीच्या दृष्टीने पाहिले, तर यापेक्षा न्यायी शस्त्र माणसाच्या हाती क्वचितच आले असेल. फवारणी म्हणजे एका चोरासाठी सारी आळी पेटवणे. इथे विष झाडाच्या अंगात. जो झाड खाईल, तोच मरेल. ढालकिडा झाड खात नाही, कोळी खात नाही, कोतवाल खात नाही. गुन्हा आणि शिक्षा यांच्यामध्ये पोलीस नाही, पंच नाही, आणि चुकीचा माणूस पकडला जाण्याची भीतीही नाही. कादंबरीकार म्हणून मला या योजनेचा हेवा वाटला. खलनायकाचा घास हाच त्याचा शेवट!

आणि काही वर्षे अगदी तसेच घडले. पहिल्या पाच-सहा वर्षांत कापसावरच्या बोंडअळीच्या फवारण्या पुष्कळ उतरल्या. दहा-बारा वर्षांत देशातल्या ९० टक्क्यांहून अधिक कापसाच्या क्षेत्रावर हेच बियाणे पसरले. फवारणी उतरली की मित्र परत येतात, याचा सर्वांत मोठा पुरावा चीनमधला आहे. उत्तर चीनमधील ३६ ठिकाणी १९९० ते २०१० या वीस वर्षांच्या नोंदी तपासून तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिले, की बीटी कापूस आल्यावर ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी वाढले, मावा कमी झाला, आणि हा लाभ शेजारच्या मक्याच्या, भुईमुगाच्या आणि सोयाबीनच्या शेतांनाही मिळाला. ज्यांनी हे बियाणे लावलेच नाही, त्यांच्या बांधावरही मित्र जाऊन बसले.

परंतु त्याच चीनमधून दोन वर्षे आधी दुसरी बातमी आली होती. बोंडअळीसाठीची फवारणी थांबली, तेव्हा तिच्याबरोबर आयताच मरणारा एक रस शोषणारा ढेकूण मोकळा सुटला. तो कापसावर वाढला आणि शेजारच्या द्राक्षांच्या, सफरचंदांच्या बागांतही शिरला. आपल्याकडे तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी यांनी तीच जागा घेतली. रस पिणाऱ्यांना हे विष लागूच नव्हते, आणि बाजारात आलेल्या शेकडो संकरित वाणांपैकी पुष्कळ वाण तुडतुड्यांपुढे नाजूक होते. मध्येच अमेरिकेतून आलेल्या पिठ्या ढेकणाने कापूस पांढरा केला. त्या वेळी एनासियस जातीची एक इवलीशी गांधीलमाशी कोणी न बोलावता शेतांत प्रकट झाली आणि ढेकणाच्या अंगात अंडी घालून तिने त्याला आटोक्यात आणले. जिथे लोकांनी घाबरून औषधे मारली नाहीत, तिथे तिचे काम चांगले झाले. दुसऱ्या बाजूला, ज्या परोपजीवी माश्यांची पिल्ले केवळ बोंडअळीच्या अंगातच वाढतात, त्यांचे दाणापाणीच तुटले. विषाने त्यांना शिवलेदेखील नाही. त्यांचा शत्रू नाहीसा झाला, म्हणून त्या नाहीशा झाल्या.

आता त्या पाकिटाकडे येतो.

आमच्या शाळेत काही वर्षे यवतमाळकडचे एक गुरुजी होते. त्यांचे थोरले बंधू तिकडे पाच एकर कोरडवाहू जमीन कसतात. २०१६ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी गुरुजींबरोबर त्यांच्या गावी गेलो होतो. बोंडे फुटून पऱ्हाटी पांढरी झाली होती. ओसरीवर खुंटीला बियाण्याची रिकामी पाकिटे टांगलेली होती आणि त्यांच्याबरोबर काही लहान पुड्या, न फोडलेल्या. मी विचारले, तेव्हा कळले, की साडेचारशे ग्रॅमच्या प्रत्येक बीटी पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅम साध्या, बिनबीटी बियांची पुडी मिळत असे. तेव्हाचा नियम असा, की शेताच्या सभोवार पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राचा वीस टक्के भाग, यांपैकी जे जास्त भरेल तेवढे हे साधे बी लावायचे. कशासाठी? तर अळीला खाता यावे म्हणून. याला ते ‘आश्रय पीक’ म्हणतात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी निघते, की जिला हे विष बाधत नाही. सगळ्या शेतात विषच असेल, तर बाकीच्या मरतात, आणि उरलेल्या एका-दोघींची आपसांत गाठ पडून त्यांची सगळी संतती विष पचवणारी निघते. पण शेजारच्या पाच ओळींत साध्या अळ्या सुखाने वाढल्या असतील, तर त्यांचे पतंग संख्येने भारी पडतात. विष पचवणाऱ्या पतंगाला जोडीदार साधाच मिळतो, आणि त्यांची पिल्ले सहसा बीटीवर मरतात. म्हणजे, शत्रूतले दुबळे जगले पाहिजेत, नाहीतर सगळेच बलवान होतील. नरकासुर आणि बळी यांच्यामधला निवाडा करणारे हे शास्त्र मला थक्क करून गेले. शत्रूचा वाटा काढून ठेवा, असे प्रयोगशाळेने सांगितले होते, आणि तेही दयेपोटी नव्हे, हिशेबापोटी.

गुरुजींच्या बंधूंना मी हे सगळे उत्साहाने सांगितले. ते तंबाखू मळीत ऐकत होते. म्हणाले, “मास्तर, सरकार म्हंते अळीले जेवाले वाढा. पन माह्या ताटात काय हाय, थे कोनी पायलं काय?” थोडा वेळ गेल्यावर पुन्हा म्हणाले, “शेजाऱ्यानं लावलं नाई, मंग मीच काहून लावू? अळी त दोघाइचीबी मरते.”

या दोन वाक्यांना मला त्या ओसरीवर उत्तर देता आले नाही. तसे पाहिले तर दुसरे वाक्य नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांतल्या एका जुन्या पेचाचे मूळ आहे. अळी विषाला बळी पडते, हा तिचा दुबळेपणा सगळ्या शेतकऱ्यांचा सामाईक ठेवा आहे. गावच्या गायरानासारखा. तो राखण्याचा खर्च मात्र एकेकट्याने आपल्या शेतातून करायचा. मी माझा पाचवा हिस्सा अळीला दिला आणि शेजाऱ्याने दिला नाही, तर माझे पीक गेले आणि ठेवाही गेला. मी दिला नाही आणि इतर सर्वांनी दिला, तर मला दोन्ही मिळाले. मग शहाण्याने काय करावे? खेरीज पुडीतल्या साध्या बियाबद्दल तक्रारी होत्याच. ते मुख्य वाणाच्या जोडीने फुलत नाही, उगवण बरी नाही, असे ठिकठिकाणचे शेतकरी सांगत. आश्रयासाठी दिलेले घरच पडके असेल तर त्यात राहायचे कोणी?

हिरव्या बोंडअळीच्या बाबतीत हा नियम मोडल्याचे फारसे जाणवले नाही, कारण तिला आश्रय इतरत्र होता: तुरीत, हरभऱ्यात, टोमॅटोत. म्हणजे ज्या अळीने आमचे टोमॅटो नासवले, तीच कापूसवाल्यांचे विष शाबूत ठेवीत होती. आमच्या नुकसानीची पावती अशी कोणाच्या तरी नावावर जमा होत असते! गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. तिला जवळजवळ कापूसच लागतो. कापसाखेरीज तिला घर नाही, आणि कापूस सगळा विषारी. त्यात आपल्याकडचे वाण संकरित असल्यामुळे एकाच बोंडातल्या काही सरकीत विष उतरते आणि काहींत नाही. सरकी खाणाऱ्या अळीला जणू थोडेथोडे विष चाटून सराव करण्याची तालीमच मिळाली. भरीला फरदड. पहिली वेचणी झाल्यावर पाणी देऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभा ठेवलेला कापूस. अळीला वर्षभराची खाणावळ.

२००९ च्या हंगामात गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिले विष पचवू लागल्याचे खुद्द मोन्सँटोने २०१० साली जाहीर केले. २००६ पासून दोन विषांचे बियाणे बाजारात होते. काही वर्षांत तिने तेही पचवले. २०१७ साली ती महाराष्ट्रभर पसरली. न उमलता गुलाबकळीसारखी मिटून राहिलेली डोमकळी दिसली, की आतमध्ये अळी आहे हे ओळखावे, असे कृषी खात्याचे लोक सांगत फिरत होते. त्या वर्षी विदर्भात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. लोकांनी मिळतील ती औषधे एकत्र कालवून, पंप वर धरून मारली. विष वरून अंगावर आले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, आणि शेकडो दवाखान्यात पडले. गुरुजींचे बंधूही त्यांत होते. दोन दिवस त्यांना समोरचे माणूस दिसत नव्हते. ते वाचले, त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा मजूर वाचला नाही. तो दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारायला गेलेला होता. त्याचे स्वतःचे शेत नव्हते. आश्रयाच्या पाच ओळी लावण्याचा किंवा न लावण्याचा प्रश्न त्याला कधी कोणी विचारलाच नव्हता.

पुढे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि अमेरिकेतले ग्लेन स्टोन यांनी २०२० साली वीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यात दिसते, की शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटी येण्यापूर्वीपेक्षाही जास्त खर्च करतात. म्हणजे ढालकिडा, कोळी, क्रायसोपा ही मंडळी परत आली होती, ती पुन्हा पंपाखाली गेली.

आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कडेने, महादेव कोळी समाजाच्या वाड्यांवर दिवाळी सुरू होते ती वाघबारशीने. गुरे राखणारे लोक वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात, आणि आमची जनावरे सांभाळ म्हणून त्यालाच विनवतात. जो खातो त्यालाच राखण करायला सांगायचे! शत्रूचा वाटा काढण्याची याहून जुनी रीत मला माहीत नाही. शहरातून आलेले अभ्यासक या रीतीने भारावून जातात. मीही एके काळी तिच्यावर एक प्रकरण लिहिले आहे. पण जुन्नरमध्ये वाघ ही केवळ दगडावरची गोष्ट नाही. उसात बिबट्या विणतो. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचे केंद्र आहे. ज्या घरातले मूल संध्याकाळी अंगणातून उचलले गेले, त्या घरापुढे उभे राहून वाघबारशीचे तत्त्वज्ञान सांगण्याची माझी छाती नाही. वाटा शत्रूला द्यावा, हे मला पटते. पण तो नेहमी उसाच्या कडेला राहणाऱ्याच्याच घरातून का जावा?

कापसाचा पेच मला इथे येऊन सापडतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनातही हीच गुलाबी अळी होती आणि हेच बियाणे. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे आश्रयाची पिके इमानाने लावली. नंतर नपुंसक केलेले कोट्यवधी पतंग विमानांतून शेतांवर सोडले, आणि २०१८ साली त्यांच्या सरकारने गुलाबी बोंडअळी देशातून गेल्याचे जाहीर केले. याचा अर्थ तिकडचा शेतकरी सज्जन आणि आमचा लबाड, असा कोणी काढला तर मी त्याच्याशी भांडेन. तिथले शेत शेकडो एकरांचे. त्यातला एक तुकडा अळीला दिला तर घरची चूल विझत नाही. खर्च त्यांनी संघटना करून वाटून घेतला, आणि सरकारने हातभार लावला. इथे एकट्या महाराष्ट्रात चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास कापूस लहान लहान तुकड्यांत पसरलेला. त्यातल्या प्रत्येक तुकड्याच्या मालकाला एक पुडी देऊन सांगितले, की सगळ्या देशाचा ठेवा तू तुझ्या पाच ओळींत राख. बियाणे विकणाऱ्याला दर पाकिटामागे पैसे मिळाले. सूत घेणाऱ्याला स्वस्त कापूस मिळाला. तुम्हांला-मला पाडव्याला नवे कपडे मिळाले. अळीचा वाटा मात्र गुरुजींच्या बंधूंच्या ताटातून काढायचा ठरला, आणि त्यांनी तो काढला नाही म्हणून त्यांना अडाणी म्हटले गेले. माझ्या मते पाच ओळींच्या उत्पन्नाची भरपाई त्यांना मिळायला हवी होती, आणि ती आपण सर्वांनी कपड्याच्या दरातून द्यायला हवी होती. कोणत्याही आदर्शवादापेक्षा ते स्वस्त पडले असते.

वांग्याच्या वेळी निदान चर्चा तरी झाली. महिकोच्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने मान्यता दिली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांच्या सभा घेतल्या, त्यांत एक नागपूरची होती, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती दिली. बांगलादेशातले शेतकरी २०१४ पासून तेच वांगे पिकवीत आहेत. आमच्याकडे वांगी खाणाऱ्याच्या पोटात काय जाईल यावर पुष्कळ बोलले गेले. ते बोलणे योग्यच होते. पण शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आज वांग्यावर जी पंधरा-वीस फवारणी होते, तिच्यात कोण मरते आणि पंप कोणाच्या पाठीवर असतो, यावर तितके बोलणे मला ऐकू आले नाही. बियाणे नाकारले म्हणजे आपले हात स्वच्छ राहिले, असे मानणाऱ्यांना मी आमच्या मंडईतले एक चकचकीत, डाग नसलेले वांगे भेट देईन. आणि बियाणे स्वीकारले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांना यवतमाळची ती न फोडलेली पुडी.

आमच्याकडे काही शेतकरी टोमॅटोच्या कडेने आणि मधल्या ओळींत झेंडू लावतात. फळ पोखरणाऱ्या अळीच्या मादीला टोमॅटोपेक्षा झेंडूवर अंडी घालायला आवडते. अंडी तिथे पडतात, म्हणून ट्रायकोग्रामाही तिथे जमते, आणि टोमॅटो पुष्कळ वाचतो. हे कापसाच्या आश्रयासारखे नव्हे, हा सापळा आहे. पण शेतातल्या काही ओळी शत्रूच्या नावाने सोडायच्या, एवढे दोन्हींत सारखे. आणि इथे त्या ओळी लोक आनंदाने सोडतात. दसऱ्याला आणि दिवाळीला त्याच झेंडूची फुले नारायणगावच्या बाजारात जातात, तिथून पुण्या-मुंबईला, आणि तुमच्या दाराच्या तोरणात लागतात. एखाद्या फुलात पाकळ्यांच्या तळाशी एखादी अळी निघाली, तर ती कुठून आली हे आता वाचकांना सांगायला नको.

यंदा कडेचा झेंडू तोडीत असलेल्या एका शेजाऱ्याला मी विचारले, की दरवर्षी लावता का. त्याने फुलांची पाटी खाली ठेवली.

“भाव हाये तोवर लावायचा, गुरुजी,” तो म्हणाला. “भाव पडला का पुढच्या साली त्या वळीत बी टोमॅटोच.”